कुंकू लावलेला अंक

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी सकाळी चोपड्याच्या मोटारीतून लोटनकाका उतरले ते डोक्याला नवा फेटा बांधूनच. मागे वच्छलाकाकू, काकूंच्या हातात पितळी डबा, आणि डब्यावर लाल फडक्यात बांधलेलं आहेराचं बोचकं. जळगावातलं, पिंप्राळ्याच्या रस्त्यावरचं तोताराम पाटलांचं घर त्यांना पाठ होतं, तरी दारापाशी येऊन ते थबकले आणि एकदा घराकडे, एकदा रस्त्याकडे बघत राहिले. दारात मांडव नव्हता, केळीचे खांब नव्हते. झुंबरबाई ओट्यावर बसून सांजोऱ्यांसाठी रवा चाळत होत्या, आणि सणाच्या तोंडावर हे चुलत दीर-जाऊ कसे काय उगवले म्हणून त्याही बघत राहिल्या.

"वहिनी, मांडो कोठे शे?" लोटनकाकांनी विचारलं.

"कसाना मांडो?"

"जिवाना लगनना."

झुंबरबाईंच्या हातातली चाळणी तशीच राहिली. जिवा म्हणजे जीवराम, त्यांचा धाकटा मुलगा, वय वर्षं सव्वीस, पुण्याहून बी.ए. होऊन आलेला, आणि लग्नाचा विषय निघाला की चष्मा पुसायला लागणारा. त्याचं लग्न ठरलं तर ते आईच्या आधी चोपड्याला कसं कळलं, हे त्यांना उमगेना. लोटनकाकांनी मग बंडीच्या खिशातून घडी घालून कोंबलेला पुरावाच काढला. ते एक पुस्तक होतं. त्याच्यावर गुंडाळलेल्या कागदी पट्टीच्या चारी कोपऱ्यांना हळदकुंकवाची बोटं लागली होती, आणि ती बोटं कुणाची हे झुंबरबाईंना सांगावं लागलं नाही.

त्याचं असं झालं होतं. जीवरामने ‘सांप्रत’ नावाचं त्रैमासिक काढलं होतं. हे नाव घरात कुणालाच नीट वळलं नव्हतं; तोताराम आबांना तर ते पोटदुखीवरचं औषध वाटे. नावाखाली बारीक अक्षरांत छापलं होतं, ‘समकालीन संस्कृती आणि समाज यांचा शोध घेणारे वाङ्मयीन त्रैमासिक’. शोध घ्यायला समाज काय हरवला आहे, असं आबांनी एकदा जेवताना विचारलं होतं, आणि त्यावर लेकाने दोन दिवस अबोला धरला होता. आबांचं स्वतःचं दुकान होतं पाण्याच्या इंजिनांचं. इंजिनाबरोबर येणाऱ्या माहितीपत्रकापलीकडे छापील असं काही त्यांनी उभ्या जन्मात वाचलं नव्हतं, आणि त्यांचं काही अडलंही नव्हतं.

पहिल्या अंकाच्या तीनशे प्रती छापखान्यातून आल्या आणि समोरच्या खोलीत पट्ट्या बांधून, पत्ते लिहून रचल्या गेल्या. झुंबरबाईंना अक्षरओळख नव्हती, पण टपाल त्यांना बरोबर वाचता येई. कोपऱ्याला कुंकू असलं की शुभकार्य. कोपरा फाडलेला असला की कुणीतरी गेलं, मग ते पत्र घरात ठेवायचं नाही. आणि यातलं काहीच नसलं की सरकारी. लेकाचं पहिलंवहिलं काम तीनशे घरांत जायचं आणि ते सरकारी नोटिशीसारखं कोरं जायचं, हे त्यांच्या जिवाला लागलं. जीवराम तिकिटं आणायला गेला त्या दुपारी त्यांनी करंडा घेतला आणि एकटीने बाराशे कोपरे उरकले. परत आल्यावर जीवरामने कपाळावर हात मारला. पण आईची लालपिवळी बोटं बघून त्याला बोलवेना. वाचक सुज्ञ असतात, हसतील आणि सोडून देतील, असं स्वतःला बजावून त्याने गठ्ठे टपालात टाकले.

वाचक सुज्ञ होतेच. लोटनकाकांनी ओट्यावर बसून, एकेका गोष्टीवर बोट ठेवत, आपला सुज्ञपणा पटवून दिला. पहिली गोष्ट, कुंकू. दुसरी गोष्ट, वरचं चित्र. ते मुंबईच्या कुणा नव्या चित्रकाराचं होतं. मध्ये एक उभा पांढरा पट्टा आणि दोन्ही बाजूंना दोन काळे गोळे. अंकात त्याच्यावर चार ओळींचं टिपण होतं, माणसामाणसांतल्या दुराव्याबद्दल. लोटनकाकांना टिपणाची गरज पडली नाही. मध्ये अंतरपाट, इकडे नवरा, तिकडे नवरी, हे चोपड्यात शेंबड्या पोरालाही कळलं असतं. तिसरी गोष्ट, आत छापलेली नावं: जी. तो. पाटील, आणि त्याच्याच शेजारी कुमारी सुनंदा. आता मुलाच्या शेजारी कुमारीचं नाव कशाला छापतात? चौथी गोष्ट, अंकात घातलेली गुलाबी चिठ्ठी: अक्षय्य तृतीया, सायंकाळी सहा, समारंभ, आपली उपस्थिती प्रार्थनीय. आणि पाचवी गोष्ट म्हणजे पहिल्याच लेखाचं नाव, ‘विवाहसंस्थेचे भवितव्य’. त्यातला ‘विवाह’ वाचून झाल्यावर पुढे वाचायचं काही उरतच नव्हतं.

"पन लोटनभाऊ, एवढं जाड?" झुंबरबाईंनी विचारलं.

"शहरनी पत्रिका शे," लोटनकाका म्हणाले. "जाड राहीच."

समोरच्या खोलीत जीवराम उद्याच्या प्रकाशन समारंभाचं भाषण लिहीत होता आणि सुनंदाबाई ते खोडत होत्या. सुनंदाबाई मुलींच्या शाळेत मराठी शिकवायच्या, धुळ्याच्या होत्या, आणि ‘सांप्रत’च्या सहसंपादिका होत्या, म्हणजे जीवराम लांब लांब वाक्यं लिही आणि त्या ती आखूड करत. ओट्यावरचा प्रकार कानी पडताच जीवराम बाहेर आला, त्याने चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसायला घेतला. सुनंदाबाई मात्र दाराच्या चौकटीला धरून आधी गालात आणि मग चांगल्याच मोठ्याने हसल्या. ज्या मुलीचं लग्न परस्पर लावून टाकलं आहे, तिने इतकं हसावं हे वच्छलाकाकूंना बरं दिसलं नाही. त्या सुनेच्या कल्पनेने आल्या होत्या आणि हातातला डबा पुढे करावा की मागे घ्यावा या पेचात उभ्याच राहिल्या.

"पण काका, तुम्हाला अंक गेलाच कसा?" जीवराम म्हणाला. "मी वर्गणीदार होतील अशांना..."

आणि तो मध्येच थांबला. वर्गणीदार होतील अशी माणसं त्याच्या ओळखीत नव्वद होती. अंक होते तीनशे. उरलेल्या पत्त्यांसाठी त्याने कपाटातली एक जुनी वही काढून छापखान्यातल्या मगनकडे दिली होती आणि सांगितलं होतं, यातले सगळे उतरवून काढ. ती त्याच्या थोरल्या बहिणीच्या, बेबीच्या लग्नाची वही होती. त्यात कुणाकुणाला पत्रिका धाडायच्या ती यादी होती.

तेवढ्यात रस्त्यावर आणखी एक बैलगाडी थांबली आणि तिच्यातून असोद्याचे भाऊबंद उतरू लागले.

दुपारपर्यंत घरात एकोणीस माणसं झाली. मधल्या घरात तोताराम आबांनी दुकानातून येऊन कोर्ट भरवलं. आबांचा पहिला निवाडा असा झाला की चूक कुंकवाची. मग त्यांना वहीचं कळलं तेव्हा निवाडा फिरला आणि चूक बी.ए.ची ठरली. जीवराम म्हणाला, चूक छापखान्याची. त्याला फक्त शहरातली नावं घ्यायला सांगितलं होतं. हे खोटं होतं आणि त्याला ते नीट बोलताही आलं नाही. सुनंदाबाईंनी सरळ सांगितलं, की कुंकू नसतं तर यातल्या अर्ध्या घरांत अंकाची पट्टी फाडलीसुद्धा गेली नसती; पहिल्या अंकाला एवढे वाचक पुण्यातही कुणाला मिळाले नसतील. आबांनी परक्याच्या मुलीला उलट बोलायचं नाही म्हणून लेकाकडे रागाने पाहिलं.

सगळ्यात शांत होत्या त्या धुरपदाबाई, आबांच्या थोरल्या विधवा बहीण. सगळं घर त्यांना अक्का म्हणे. त्यांनी सुनंदाबाईंना पायापासून डोक्यापर्यंत दोनदा न्याहाळलं होतं आणि त्यांचं मत तयार होतं.

"आंबा पिकेल शेतस, मानसं जमेल शेतस, पोऱ्या शे, पोर शे," अक्का म्हणाल्या. "लाई टाका लगीन."

जीवरामचा चष्मा पुन्हा हातात आला. सुनंदाबाई म्हणाल्या, अक्का, अंकातला पहिला लेख माझा आहे, तो आधी वाचा, मग बोला. अक्का म्हणाल्या, तू वाचून दाखव. सुनंदाबाईंनी एकदम झुंबरबाईंकडे पाहिलं आणि म्हणाल्या, नंतर कधीतरी.

झुंबरबाईंना ते पाहणं कळलं. हिवाळ्यात सुनंदाबाई स्वयंपाकघरात पाट टाकून बसल्या होत्या आणि लग्नातल्या मानपानाविषयी एकेक विचारत होत्या. झुंबरबाईंनी भाकरी थापता थापता सांगून टाकलं होतं. बेबीच्या लग्नात त्यांच्या भावाने, धनसिंगने, आबांना आहेराचं पागोटं बांधलं ते साधं, आणि आबांच्या धाकट्या भावाला बांधलं ते जरीचं. आबांनी भर मांडवात ते पागोटं उतरवून परत केलं. धनसिंग त्याच पावली निघून गेला. त्यानंतर धुळ्याकडच्या त्या गावाला कुणी गेलं नाही, तिथून कुणी आलं नाही. खानदेशातली लेक आखाजीला माहेरी जायची, झोक्यावर बसायची, ही सृष्टीची रीत. झुंबरबाईंच्या अकरा आखाज्या सासरच्या चुलीपुढे गेल्या. दर आखाजीला त्या भावाच्या वाट्याच्या पाच सांजोऱ्या वेगळ्या काढून ठेवत आणि तिसऱ्या दिवशी गाईला घालत. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सुनंदाबाईंनी विचारलं तेव्हा सांगावंसं वाटलं, एवढंच. पुढे त्यांनी ते लेखात घातलं, नाव न घालता, ‘खानदेशातील एका घरात’ असं लिहून, आणि तेही आधी परवानगी विचारून. झुंबरबाईंनी हो म्हटलं होतं. आबा काही वाचणार नव्हते आणि धनसिंगकडे काही जाणार नव्हतं.

आता चाळलेल्या रव्यापुढे बसल्याबसल्या त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट फिरू लागली. पत्रिकांची यादी करताना देवानंतर पहिलं नाव मामाचं घालतात. बेबीच्या लग्नाची वही त्यांनी स्वतः समोर बसून लिहून घेतली होती.

आबांच्याही डोक्यात ते त्याच सुमाराला आलं असावं. बोलता बोलता ते थांबले आणि त्यांनी जीवरामला विचारलं, वहीत पहिलं नाव कुणाचं होतं रे?  एकोणीस माणसं एकमेकांकडे बघू लागली, कारण त्यातली बहुतेक त्या मांडवात हजर होती.

"तो उना," आबा सावकाश म्हणाले, "ते मी ओटावरच सांगसू. लगीन नही शे, आनि तुले कोन्ही बलायेल बी नही."

झुंबरबाईंनी चाळणी पुन्हा हातात घेतली. आबा बोलले की करत, हा त्यांचा गुण होता आणि खोडही तीच होती. भाऊ आलाच, नवा अंगरखा घालून, आहेर घेऊन, अकरा वर्षांचा हट्ट गिळून आला, आणि त्याला चारचौघांत ओट्यावर कळलं की हे बोलावणं नव्हतं, नजरचुकीने गेलेलं पुस्तक होतं, तर तो पुन्हा या जन्मात या दाराकडे बघणार नाही. न आलेला बरा, असं झुंबरबाईंना वाटलं. आणि लगेच वाटलं, येऊ दे. दोन्ही वाटणं एकाच वेळी चालू राहिलं आणि रवा तिसऱ्यांदा चाळला गेला.

 लोटनकाका नेहमी आबांच्या बाजूने हुंकार भरत, ते आज फेट्याचं टोक चाचपत राहिले. जीवराम म्हणाला, आबा, चूक माझी आहे, मामांना मी सांगेन. आबा म्हणाले, तू भाषण लिही. आणि तेव्हा, या घरात धुळ्याकडच्या सोयऱ्यांना ज्यांनी कधी बरं म्हटलं नव्हतं, त्या अक्काच बोलल्या.

"तोता, मी बी कोनीतरी बहीण शे. तुनी शे. उद्या मना भाऊले असं कोन्ही ओटावरथीन परत धाडं, ते मी काय करानं?"

 आबा उठून पुढे ओट्यावर जाऊन बसले, वाटेकडे तोंड करून. ते वाट बघत होते की पहारा देत होते, हे घरात कुणालाच ठरवता आलं नाही.

चारच्या सुमाराला धुळ्याची मोटार आली. धनसिंग पाटील उतरले. केस पांढरे झाले होते, चालण्यात किंचित लंगड होती, आणि ती कधी आली हे बहिणीला ठाऊक नव्हतं. मागे ताईबाई, त्यांची बायको, काखेत गाठोडं. धनसिंग जुन्या काळचे सातवी पास होते; गावात चावडीवर वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवायचं काम त्यांच्याकडे असे. ओट्याच्या पायरीशी येऊन ते थांबले. वर चढले नाहीत. आत खिडकीच्या गजांमागे बायकांची दाटी झाली, आणि झुंबरबाई दाराच्या आतल्या बाजूला भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. 

आबांनी घसा साफ केला. बोलायचं ते त्यांनी दुपारपासून तयार ठेवलं होतं.

"पाटील, लगीन नही शे."

"मले माहीत शे," धनसिंग म्हणाले.

आबांची पुढची वाक्यं याच्या पुढची होती, त्यामुळे त्यांची जरा पंचाईत झाली. धनसिंगने कोटाच्या आतल्या खिशातून अंक काढला. लोटनकाकांच्या अंकासारखा तो चुरगळलेला नव्हता, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेला होता, आणि कडेला पेन्सिलीच्या खुणा दिसत होत्या.

"शहाण्णव पानं शेतस. मी बठ्ठं वाचं. दोनदाव वाचं. हाई लगीननी पत्रिका नही, इतलं मले समजस." मग त्यांनी गावाकडची बोली सोडून, चावडीवर वर्तमानपत्र वाचतात त्या आवाजात, एक पान उघडलं आणि वाचायला सुरुवात केली. "‘खानदेशातील एका घरात, केवळ एका पागोट्यापायी, एक बहीण अकरा वर्षे माहेराला पारखी झाली आहे. दर अक्षय्य तृतीयेला ती भावाच्या वाट्याच्या पाच सांजोऱ्या वेगळ्या काढते आणि तिसऱ्या दिवशी त्या गाईपुढे ठेवते. या पाच सांजोऱ्यांचा हिशेब आपली विवाहसंस्था कधी देणार आहे?’"

त्यांना पुढे वाचता येईना.  आबांनी मान वळवून दाराकडे पाहिलं. गाईला सांजोऱ्या घालताना त्यांनी बायकोला अकरा वेळा पाहिलं असेल, आणि गाईचं कौतुक समजून ते दुकानाला गेले असतील. झुंबरबाईंना वाटलं, आता संपलं. घरातली गोष्ट छापून निघाली, नवऱ्याला कळली, भावालाही कळली, आणि दोघेही आता मिळून तिच्यावरच उलटणार. सुनंदाबाई त्यांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आते आयका," धनसिंगने पान उलटलं. "आठे एक चूक शे. लिव्हनारीनं लिव्हेल शे की भाऊनी मुद्दाम हलकं पागोटं दिधं. मुद्दाम नही. जरीनं तुमनंच व्हतं, पाव्हना. मांडोमा गर्दी व्हती, मी लहानाले बांधी टाकं. ते रातलेच मना ध्यानमा उनं."

"मंग सांगं का नही?" आबांनी विचारलं. आवाज त्यांना वाटला होता तेवढा चढला नाही.

"सांगतू ते मना मान जाता," धनसिंग म्हणाले. "तुम्ही पागोटं परत करं, तवय मनाबी माथा गरम व्हयना. मंग एक आखाजी गयी. दुसरी गयी. पुढे पुढे सांगाले बी लाज वाटे. मी कापूस लिसन जळगावले येस, दर साल येस. आठेच, वडना झाडले गाडी सोडस. पन या रस्ताले वळनू नही." त्यांनी अंक मिटला आणि जीवरामकडे पाहिलं. "पुढला अंकमा छापजो. दुरुस्ती. मना नावखाले छापजो."

जीवरामने मान डोलवली. ‘सांप्रत’ला आलेली ही पहिली वाचकाची प्रतिक्रिया होती. मोठमोठ्या लेखकांना अंक धाडले होते, त्यांतल्या एकाचीही पोच आली नव्हती. सुनंदाबाईंनी डोळे पुसले आणि हलकेच म्हणाल्या, दुरुस्ती पहिल्या पानावर घालू, आणि उद्या समारंभात मी लेख वाचेन तेव्हाही सांगेन.

तोताराम आबा उभे राहिले.  आबांनी धनसिंगकडे पाहिलं, त्याच्या लंगड्या पायाकडे पाहिलं, मग आकाशाकडे पाहिलं. तिथे काही नव्हतं. क्षमा मागणं त्यांना कुणी शिकवलं नव्हतं आणि आता या वयात ते शिकण्यासारखे नव्हते. दाराकडे तोंड करून ते मोठ्याने म्हणाले:

"पाव्हना कवयना उभा शे. पाय धोवाले पानी कोन लई राह्यनं?"

घरातल्या तीन बायका एकदम तांब्याकडे धावल्या. पण तांब्या घेऊन बाहेर आल्या त्या अक्का. धनसिंग पायरी चढले, पाय धुतले, आबांच्या शेजारी बसले. थोडा वेळ दोघे पाऊसपाण्याचं बोलले, मग केळीला यंदा पाणी कमी पडलं त्याचं, मग इंजिनाचं. इंजिनाचा विषय निघाल्यावर आबांची कळी खुलली आणि पाचच मिनिटांत त्यांनी मेहुण्याच्या विहिरीला किती ताकदीचं इंजिन लागेल ते ठरवून टाकलं. लोटनकाकांनी जिथे तिथे हुंकार भरला. ताईबाई आत गेल्या आणि नणंदेच्या गळ्यात पडल्या. दोघी नुसत्या एकमेकींच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

मग ओट्यावर धनसिंगने मुख्य गोष्ट काढली. आहेराचं निमित्त होतं. आपण मुराळी म्हणून आलो आहोत. आखाजीसाठी बहिणीला न्यायचं आहे.

आबा म्हणाले, न्या. धनसिंग म्हणाले, सहाची मोटार आहे, आजच निघतो, म्हणजे सकाळी आखाजीची घागर पुजायला ती घरी असेल. आबा म्हणाले, बरोबर आहे, आजच बरं. धनसिंग म्हणाले, पंधरा दिवस ठेवून घेऊ. आबा म्हणाले, पंधरा कशाला, महिनाभर राहू द्या, हवं तर महिना संपला की मी स्वतः घ्यायला येतो. धनसिंग म्हणाले, या की, मुक्कामाला या. आबा म्हणाले, येतो, विहीरही बघून घेतो. अकरा वर्षं एकमेकांचं तोंड न पाहिलेले ते दोघे आता एकमेकांच्या शब्दाबाहेर जायला तयार नव्हते. काय न्यायचं, कशात न्यायचं, कधी परत आणायचं, सगळं त्यांनी ओट्यावर बसून गोडीगुलाबीने ठरवलं. लोटनकाका मोटारीत जागा धरायला जाण्यासाठी उठलेही.

झुंबरबाईंनी दाराआडून हे सगळं ऐकलं. माहेरची वाट त्यांना दिसत होती. नदी, मारुतीचा पार, गोठ्यामागचं लिंबाचं झाड, त्याला बांधलेला झोका. पाय आपोआप उंबऱ्याकडे वळले होते. अकरा वर्षं ज्या हाकेसाठी कान लावून बसल्या ती हाक आली होती, आणि ती नवऱ्याला मारली गेली होती. आत समोरच्या खोलीत जीवराम भाषणाच्या कागदापुढे मान खाली घालून बसला होता. आई, तू जा, असं तो म्हणणार होता. तो तसाच मुलगा होता.

त्या ओट्यावर आल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला. भावाच्या पाया पडल्या, आणि उठल्या तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. पण आवाज स्वच्छ निघाला, आणि तो त्या घरात त्यापूर्वी कुणी ऐकला नव्हता.

"उद्या मना पोऱ्याना कार्यक्रम शे. त्याना पुस्तकमा मनी गोठ शे. ती वाचतीन तवय मी समोर बठसू." त्यांनी आधी भावाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "अकरा वरीस मी थांबनू. आते तुम्ही दोन्हीजन एक दिन थांबा."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. इतका वेळ प्रत्येक बाबतीत त्यांचं एकमत होत आलं होतं, तसं याही बाबतीत झालं, की यावर बोलायचं काही नाही. लोटनकाका उठले होते ते परत खाली बसले.

झुंबरबाई आत गेल्या. मधल्या घरातून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून मागच्या अंगणात. गाईच्या गव्हाणीला धरून त्या उभ्या राहिल्या आणि मग, अकरा वर्षांत न रडलेलं सगळं, मोठ्याने रडल्या.